बोली लावली, मग बोला की

गेले अकरा दिवस माझ्या टेबलावर कॅमेऱ्याची एक लेन्स पडून आहे. बबल रॅपमध्ये गुंडाळलेली, खोक्यात घातलेली, वर फक्त पत्ता चिकटवायचा बाकी. ऑनलाइन लिलावाच्या साइटच्या मते ही लेन्स विकली गेली होती. लिलाव संपला, सगळ्यात वरची बोली एका गृहस्थांची निघाली, त्यांना अभिनंदनाचा मेल गेला, मला 'तुमची वस्तू विकली' असा मेल आला. पैसे आले नाहीत आणि गृहस्थही पुन्हा दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, 'नमस्कार, पेमेंट झालं की लगेच पाठवते.' उत्तर नाही. पाचव्या दिवशी, 'काही अडचण आहे का?' त्याचंही उत्तर नाही. मेसेज वाचल्याची खूण मात्र दोन्ही वेळा उमटली. आठव्या दिवशी साइटवर रीतसर तक्रार टाकली, आणि काल सौदा रद्द झाला.

यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, 'अगं, वस्तू तुझ्याकडेच आहे ना? मग तुझं गेलं काय?'

सांगते काय गेलं. लिलावात एक ऊब असते, ती गेली. शेवटच्या दहा मिनिटांत चारपाच जण त्या लेन्सवर डोळा ठेवून होते. त्यातले तिघे आता दुसरीकडून घेऊन मोकळे झाले. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला मी विचारलं की तुमच्या बोलीच्या किमतीला देते, घेता का? तो संशयाने बघणार हे मला ठाऊकच होतं, कारण ही युक्ती जुनी आहे. विकणाराच दुसऱ्या नावाने बोली चढवतो, चुकून स्वतःच जिंकला की 'पहिला गिऱ्हाईक पळाला हो' म्हणत खालच्याकडे येतो. मी तसं केलेलं नाही हे सिद्ध कसं करू? शिवाय त्याची बोली इतकी वर गेली होती तीही न देणाऱ्या गृहस्थांमुळेच. ते मध्ये नसते तर लेन्स कमी किमतीत त्याच्या हातात पडली असती. म्हणजे एका माणसाच्या गप्प बसण्याने मी खोटी ठरले आणि दुसऱ्या क्रमांकाचा माणूस महागात घेता घेता वाचला. आता पुन्हा लिलावाला लावली तर लोक विचारणार, 'ही परत कशी आली? काही खोट आहे का?'

मला गंमत वाटते ती आपल्या एका शब्दाची. लिलावात किंमत पुकारतात ती बोली. दोघांत तोंडी ठरतं तीही बोलीच, 'अशी बोली झाली होती' म्हणतो आपण. बटण दाबून बोली लावणाऱ्याला ही दुसरी बोली लक्षातच नसते. त्याच्या दृष्टीने ते बटण म्हणजे दुकानाच्या काचेवर बोट ठेवून 'छान आहे' म्हणण्यासारखं.

कायद्याला मात्र तसं वाटत नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियात ईबे या लिलावाच्या साइटवर एक जुनं लष्करी विमान विकलं गेलं. विकणाऱ्याने नंतर द्यायला नकार दिला, प्रकरण न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २००७ साली न्यायालयाने लिलावातला सौदा बांधील ठरवून विमान द्यायला लावलं. जर्मनीत एकाने आपली गाडी १ युरोपासून लिलावाला लावली, मध्येच बाहेर बरं गिऱ्हाईक मिळालं म्हणून लिलाव गुंडाळला. २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ युरोच्या बोलीवर असलेल्या माणसाला ५,२४९ युरोंची भरपाई कायम केली. दोन्ही खटले विकणाऱ्यांच्या विरोधात गेलेले आहेत, हे मुद्दाम सांगते. शब्द फिरवण्याचा मक्ता काही फक्त खरेदीदारांकडे नाही. 'सॉरी, वस्तू पडून फुटली' असं म्हणणारे विक्रेते मला माहीत आहेत, आणि वस्तू नेमकी बोली कमी आली की फुटते.

पण विमान आणि गाडी म्हणून लोक कोर्टात गेले. एका जुन्या लेन्ससाठी कोण जाणार? आंतरराष्ट्रीय मालविक्रीसाठी १९८० चा व्हिएन्ना करार आहे. त्यात खरेदीदाराने किंमत चुकवली पाहिजे, न चुकवल्यास विक्रेता त्याला वाजवी वाढीव मुदत देऊ शकतो, तरी नाही चुकवली तर करार मोडू शकतो, असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. आणि त्याच कराराच्या दुसऱ्याच कलमात म्हटलंय की घरगुती वापरासाठीची खरेदी आणि लिलावातली विक्री याला हा करार लागू नाही. आमच्या लेन्सवाल्या जगातलं जवळजवळ सगळं त्या एका कलमात बाहेर पडलं.

मग न देणारी माणसं चोर असतात का? माझा अनुभव तसा नाही. काही जण एकसारख्या तीन वस्तूंवर बोली लावतात, एक तरी मिळेल म्हणून, आणि दोन मिळतात. काहींना पाठवणीचा खर्च शेवटच्या पानावर दिसतो आणि छातीत धस्स होतं. काहींनी रात्री दोनला बोली लावलेली असते. आणि काहींना जिंकल्यावर एकदम जाणवतं की जगात इतकी किंमत द्यायला तयार असलेला मीच एकटा होतो. १९७१ साली तेलकंपनीच्या तीन अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल हेच लिहून ठेवलं. वस्तूची किंमत कोणालाच नीट माहीत नसते तेव्हा जिंकतो तो बहुधा ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सगळ्यात जास्त चुकलेला असतो. याला विनर्स कर्स म्हणतात, जिंकणाऱ्याला लागलेला शाप. तेलकंपन्यांना लागतो तर आपण कोण?

यातलं मला सगळं समजतं. समजत नाही ते गप्प बसणं. खरं सांगायचं तर तेही समजतं, कारण मी ते केलंय.

काही वर्षांपूर्वी एका ट्रायपॉडवर मी बोली लावली. जिंकेन असं वाटलंच नव्हतं. सकाळी उठून पाहिलं तर माझ्या गळ्यात. पाठवणीचा खर्च ट्रायपॉडच्या निम्म्याइतका. 'नको' असं लिहायला मला लाज वाटली. मग उद्या लिहू, परवा लिहू. जितके दिवस गेले तितकं लिहिणं अवघड होत गेलं, कारण आता 'नको' सोबत 'इतके दिवस का नाही सांगितलं' हेही सांगावं लागणार होतं. मी त्या साइटचं ॲप उघडणंच बंद केलं. आठवड्याने विकणाऱ्याचा तिसरा मेसेज आला, 'नको असेल तर तसं सांगा, मी दुसऱ्याला देतो. राग नाही.' मी तेव्हा उत्तर दिलं. दोन ओळींचं. लिहायला एक मिनिटही लागलं नाही, आणि त्या एका मिनिटासाठी मी त्या माणसाला आठवडाभर तळ्यात-मळ्यात ठेवलं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की न देणं मला फारसं टोचत नाही, न बोलणं टोचतं. २००९ साली पॅरिसमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात चीनच्या जुन्या राजवाड्यातून १८६० साली लुटलेली दोन ब्राँझची डोकी आली होती, एक उंदराचं, एक सशाचं. एका चिनी संग्राहकाने फोनवरून बोली लावून, कमिशन धरून सुमारे ३ कोटी १५ लाख युरोंना ती जिंकली, आणि काही दिवसांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की मी पैसे देणार नाही. लुटीचा माल विकायला त्याचा विरोध होता. त्याचं बरोबर की चूक यावर भांडत बसा, पण निदान माणूस बोलला तरी! आमचे लेन्सवाले गृहस्थ अकरा दिवसांत 'नको' हे दोन अक्षरांचं काम करू शकले नाहीत.

आता विकणाऱ्यांकडे वळते, कारण माझ्या गटातली मंडळी इथवर वाचून खूश झाली असतील.

लिलाव संपून तीन तास झाले की 'पेमेंट कधी?' सहा तासांनी 'तुमच्यासारख्या टाइमपास लोकांमुळे…' आणि दुसऱ्या दिवशी समोरच्याचं नाव, फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट सगळे विक्रेत्यांच्या ग्रुपवर. मी हे दोनदा पाहिलं आहे. त्यातल्या एका बाईंनी पैसे खरंच पाठवले होते, सुट्टीमुळे बँकेत अडकले होते. पैसे जमा झाले, पोस्ट उडाली, पण खालच्या साठ-सत्तर शिव्या तोवर सगळ्यांनी वाचून झाल्या होत्या. त्या बाई पुन्हा ग्रुपवर दिसल्या नाहीत.

चिडलेल्या विक्रेत्याच्या हातात हे हत्यार पूर्वी साइटनेच दिलेलं होतं. ईबे १९९५ साली सुरू झाली. लोक एकमेकांच्या तक्रारी थेट संस्थापक पिअर ओमिड्यार यांना मेल करायचे, म्हणून १९९६ साली त्यांनी एकमेकांना जाहीर शेरे देण्याची सोय केली. दोन्ही बाजू एकमेकांना शेरा देऊ शकत. कल्पना छान. पुढे त्याचं काय झालं? विक्रेते आपला शेरा रोखून धरायला लागले. तू मला वाईट दिलास तर मी तुला 'पैसे बुडवणारा' लिहीन. वाईट माल मिळालेले लोकही घाबरून चांगलंच लिहायला लागले. शेवटी २००८ साली ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देण्याची सोयच काढून टाकली. विक्रेते खवळले, बहिष्काराच्या हाका झाल्या. मी विकणारी असूनही मला तो निर्णय पटतो. पैसे न देणाऱ्यावर दुसरा इलाज आहे आणि तो कोरडा आहे. ईबेवर चार दिवस वाट पाहायची, मग सौदा रद्द करायचा, साइट त्याची नोंद ठेवते, आणि अशा नोंदी साठलेल्या माणसाला तुमच्या वस्तूंपासून लांब ठेवण्याची सेटिंग असते. कुणाची आई-बहीण न काढता काम होतं.

पैसे आले म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. 'पाठवले' म्हणून येणारा स्क्रीनशॉट हे चित्र आहे, पैसे नाहीत. स्वतःच्या खात्यात जमा दिसल्याशिवाय मी पार्सलला हात लावत नाही. कार्डाने आलेले पैसे तर महिन्या-दोन महिन्यांनीही परत खेचले जाऊ शकतात. त्यावर वेगळी पोस्ट लागेल, आज नको.

खरा घोळ, मला विचाराल तर, मांडणीचा आहे. 'घेतो' आणि 'दिले' यांच्यामध्ये जितका वेळ सोडाल तितका माणूस त्यात मागे सरकतो. पूर्वी ठरीव किंमत लावताना 'लगेच पेमेंट' ही अट टाकायला मला संकोच वाटायचा, गिऱ्हाईक जाईल म्हणून. आता टाकते. जोवर पैसे येत नाहीत तोवर वस्तू सगळ्यांसाठी खुली. 'माझ्यासाठी ठेवा ना' म्हणणाऱ्याला मी विसार मागते. विसार म्हटलं की निम्मे गायब होतात आणि उरलेले निम्मे खरोखर घेतात. लिलाव मात्र असा आवरता येत नाही, आणि मला लिलावाची नशा आहे हेही कबूल करते.

असो. ती लेन्स काल पुन्हा लावली, यावेळी ठरीव किमतीला. वर्णनात खाली लिहिलं की आधीचा सौदा पैसे न आल्याने रद्द झाला, लेन्समध्ये दोष नाही, हवे तितके फोटो मागा.

सकाळी एक मेसेज आला. 'अजून आहे का?'

मी लिहिलं, 'आहे.'

वाचल्याची खूण दिसते आहे.