मनसरचा काळा दगड आणि विशाखापट्टणमचे बंदर

आमच्या घरी मँगनीजचा एक ओबडधोबड काळा दगड जपून ठेवलेला आहे. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नागपूरजवळच्या मनसरच्या मँगनीज खाणीत होते. तो त्यांनीच आणला. दगड मुठीत मावतो, पण उचलताना हात खाली जातो आणि ठेवल्यावर बोटांवर काजळीसारखा डाग राहतो. विशाखापट्टणमला जाऊन आल्यापासून त्याच्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली आहे.

समुद्र म्हटला की आपण नागपूरकर मुंबई, गोवा, फार तर पुरी एवढीच नावे घेतो. मला मात्र मनापासून वाटते की आपल्या मुलखाचे खरे बंदर विशाखापट्टणम हे आहे. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना इथल्या मँगनीजला समुद्राकडे जाणारी जवळची वाट हवी होती. त्यासाठी बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्व घाटातून काढलेला रायपूर ते विजयनगरम हा मार्ग १९३१ मध्ये पूर्ण झाला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर मोठ्या जहाजांसाठी खुले झाले. डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर तिथे थेट समुद्रात घुसला आहे. त्याच्या आडोशाची दलदल उपसून बंदर खोदले गेले आणि लाटा थोपवण्यासाठी तोंडाशी दोन जुनी जहाजे बुडवून बांध घातला गेला. मालगाडीच्या वाघिणी भरण्यात आयुष्य गेलेल्या आजोबांनी समुद्र कधी पाहिला नाही.

आज त्या शहराचे पोट पोलाद, तेलशुद्धीकरण, जहाजबांधणी आणि मासेमारीवर चालते. नौदलाच्या पूर्व विभागाचे मुख्यालयही तिथेच आहे. जवळच्या डोंगरांतल्या अराकू खोऱ्याच्या ज्या रेल्वेमार्गावरील बोगदे आणि दऱ्या पाहायला पर्यटक गर्दी करतात, तो मुळात छत्तीसगडमधील बैलाडिल्याचे लोहखनिज बंदराकडे उतरवण्यासाठी बांधला गेला, हे गाडीत बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली नौदलाची जुनी ‘कुरसुरा’ पाणबुडी आतून अवश्य पाहावी. इतक्या अरुंद जागेत माणसे महिनोन्‌महिने राहत, याने मन हेलावते. भीमुनिपट्टणमच्या रस्त्यावरील तांबड्या वाळूच्या टेकड्यांना तर हजारो वर्षांच्या वाऱ्यापावसाने घडवले आहे. त्यांच्यावर चढून छायाचित्रे काढणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, तसे करू नका.

वर्षभराचा पाऊस जवळपास आपल्याइतकाच, पण आपल्याकडे पावसाळा सरत येतो तेव्हा तिथे त्याचा जोर असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातील वादळांची धास्ती असते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ याच शहरावर येऊन आदळले होते. मे महिन्यात पारा नागपूरपेक्षा खाली असला, तरी घाम वाळत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जावे.

या हिवाळ्यात आईला घेऊन जाणार आहे. डॉल्फिन्स नोजच्या पायथ्याशी जहाजे आत वळतात, ती जागा तिला दाखवायची आहे.