डायफॉस्फेटला विष म्हणणं आधी थांबवा

गुडघेदुखीने बेजार झालेल्या माझ्या मावशीला फॉरवर्ड आलाय: 'डायफॉस्फेट हा पेशींत साचणारा विषारी कचरा आहे. पायरोफॉस्फेटेज एन्झाइमची कॅप्सूल मॅग्नेशियमसोबत घ्या. कचरा साफ, सांधे मोकळे, अंगात ताकद.' ती कॅप्सूल मागवायला निघालीये, म्हणून हे लिहितोय.

डायफॉस्फेट म्हणजेच पायरोफॉस्फेट, एकमेकांना जोडलेले दोन फॉस्फेट. फॉरवर्डमधली सगळ्यात घातक थाप 'विषारी कचरा' ही. पेशीबाहेरचं डायफॉस्फेट कॅल्शियम-फॉस्फेटला नको तिथे जमू देत नाही. ते तयार करणाऱ्या ईएनपीपी१ या जनुकात बिघाड झाला की काय होतं, ते २००३ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये छापून आलंय. तान्ह्या बाळांच्या धमन्यांत कॅल्शियम साचतं, धमन्या अरुंद होतात, हृदयावर ताण येतो. उपचार मिळाले नाहीत तर यातली बरीच बाळं सहा महिन्यांच्या आतच दगावतात. जे कमी पडलं की बाळं दगावतात, ते शरीरातून 'साफ' करा म्हणून कुणी कसं सांगू शकतं?

पेशीच्या आत मात्र ते फोडावंच लागतं, हे मान्य. डीएनएच्या साखळीत एकेक न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखळीचा एकेक दुवा, जोडला जाताना एकेक डायफॉस्फेट सुटतं. पायरोफॉस्फेटेज पाण्याचा एक रेणू वापरून त्याचे दोन फॉस्फेट करतं, म्हणून ती जोडणी उलटी फिरत नाही. या कामाला मॅग्नेशियम लागतं, हेही खरं. पण हे एन्झाइम पेशी स्वतःच बनवते, आणि सुटलेलं फॉस्फेट पुन्हा वापरते. कचरा कुठे आहे यात?

ताकदीचं म्हणाल तर या फोडणीतली ऊर्जा आपल्या पेशीत उष्णता होऊन जाते. वनस्पती आणि काही जिवाणू तिच्यावर प्रोटॉनचा पंप चालवतात. माणसात तो पंपच नाही.

सांध्यांबाबत अर्धं खरं आहे. कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक सांध्यात जमून सूज येते, असा आजार आहे. पण प्रत्येक गुडघेदुखी म्हणजे तो आजार नव्हे. सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ते पक्कं कळत नाही.

आणि कॅप्सूल? एन्झाइम हे प्रथिन. पोटात गेलं की पचतं. हायपोफॉस्फेटेशिया नावाच्या आजारात अल्कलाइन फॉस्फेटेज हे वेगळं एन्झाइम कमी पडतं, डायफॉस्फेट खरोखर वाढतं आणि हाडं मऊ राहतात. ते एन्झाइम बाहेरून पुरवणारं असफोटेज अल्फा हे औषध २०१५ साली मंजूर झालं, तेही त्वचेखाली टोचायचं इंजेक्शन, आठवड्यातून तीनदा किंवा सहादा. कॅप्सूल गिळून भागत असतं, तर लहान मुलांना एवढ्या सुया टोचल्या असत्या का?