वाळवंटात डीजे नको, एवढंच म्हणणं आहे

मागच्या अमावास्येला लागून आलेला शनिवार-रविवार आम्ही राजस्थानच्या वाळवंटातल्या खुरी गावी काढला. नवऱ्याच्या बदलीमुळे सध्या आमचं बिऱ्हाड जोधपूरला. रात्रीच्या गाडीने जैसलमेर गाठायचं आणि तिथून जीपने पन्नासेक किलोमीटर खुरी. पुण्या-मुंबईची आपली मंडळी बहुतेक जैसलमेरजवळच्या ‘सम’ गावच्या वाळूच्या टेकड्या बघून परततात, म्हणून हे लिहितेय.

गेल्या वर्षी आम्हीही समलाच गेलो होतो, आईला घेऊन. दिवस मावळेपर्यंत धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, जीपगाड्यांची धडधड, आणि अंधार पडल्यावर आमच्या तंबूंच्या मधोमध दोन भिंतीएवढे स्पीकर. शेजारच्या कॅम्पवर तेच, त्याच्या पलीकडेही तेच. आईने कानात कापसाचे बोळे घालून रात्र काढली. चांदणं बघायची तिची फार इच्छा होती, पण दिव्यांच्या झगमगाटात आकाश दिसतच नव्हतं.

खुरीला एका ढाणीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, उतरलो. सारवलेलं अंगण, मातीच्या भिंतींच्या गोल झोपड्या. घरातल्या म्हाताऱ्या बासांना (तिकडे वडीलधाऱ्यांना बासा म्हणतात) मी फोनवरच सांगितलं होतं, गाणी नकोत, जनरेटर नको, ठरलेले पैसे पूर्ण देऊ. त्यांनी दोनदा विचारलं, ‘पक्का?’ पाहुणा आला की त्याला नाच-गाणं हवंच असतं, असं आपणच त्यांना शिकवलंय.

जेवायला बाजरीची भाकरी, वर तुपाची धार आणि केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याला पुजायची शमी! ताटात शमी वाढलेली बघून मी क्षणभर थांबले. हीच झाडं तोडू नयेत म्हणून १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह बिष्णोई समाजाच्या ३६३ जणांनी जीव दिला. जेवण झाल्यावर सूनबाई अंगणात बसल्या आणि मूठभर कोरडी वाळू घेऊन ताटं घासू लागल्या. गोल गोल हात, मग फडक्याने एकदा पुसणं, की ताट लख्ख. पाण्याचा थेंब नाही. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे पाणी कसं वापरायचं, ते मला त्या दहा मिनिटांत कळलं.

रात्री धोऱ्यावर जाऊन पडलो. वाळू वरून गार, बोटं खुपसली की आत अजून ऊबदार. सुरुवातीला ती शांतता कानात वाजते, अस्वस्थ व्हायला होतं. मग हळूहळू एकेक ऐकू येऊ लागतं. खाली बांधलेल्या उंटाचं रवंथ. लांबच्या ढाणीवर कुणी खोकलं ते. आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत. सकाळी बघितलं तर आमच्या चादरीच्या कडेकडेने भुंगेऱ्याच्या पायांची बारीक नक्षी उमटली होती. रात्रभर तो आमच्याजवळून ये-जा करत होता, आम्हाला पत्ताच नाही.

एक गैरसमज नको. मांगणियारांचं, म्हणजे इथल्या परंपरागत लोकगायकांचं, गाणं मला अतिशय प्रिय आहे. पण त्यांचा कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) आणि खडताल (लाकडी टाळ) ही चार हातांवर बसून, माईकशिवाय ऐकायची गोष्ट आहे. त्याच कलाकारांना स्पीकरवरच्या फिल्मी गाण्यांमध्ये दहा मिनिटं बसवायचं, हा त्यांचा अपमान आहे असं मला वाटतं.

आणि हा नुसता आपल्या झोपेचा प्रश्न नाही. जवळच तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं डेझर्ट नॅशनल पार्क आहे. गोडावण, म्हणजे आपला माळढोक, आज प्रामुख्याने याच भागात तग धरून आहे. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, तरी तिथे तो आता जवळजवळ दिसेनासा झाला. एवढा मोठा पक्षी, वर्षाला साधारण एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. विजेच्या तारांना धडकून तो मरतोच आहे, त्यात माळावर भरधाव जीपगाड्यांची भर आपण तरी घालू नये.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अमावास्येच्या आसपास. जाड स्वेटर न्या, रात्री चांगलीच थंडी असते. बुकिंग करतानाच सांगा, आम्हाला शांतता हवी आहे. चार जणांनी मागितलं की पाचव्याला आपसूक मिळेल.

डिसेंबरच्या अमावास्येला आम्ही परत जातोय. आई नाशिकहून येणार आहे. परवा बासांना फोन केला, तर मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, ‘गाणं-बिणं काही ठेवत नाही बेटा, माजींना घेऊन ये.’