खुलासा: जेएनयूचे पहिले कुलगुरू नारायणन नव्हेत
सोलापुरात सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत काल एका मुलीने वहीत लाल पेनाने चौकट केलेली ओळ दाखवली: ‘के. आर. नारायणन, जेएनयूचे पहिले कुलगुरू.’ ग्रुपवरही हेच फिरतंय. ते चूक आहे. पहिले कुलगुरू जी. पार्थसारथी, १९६९ ते १९७४. तेही मुत्सद्दीच, चीनमध्ये राजदूत, पुढे संयुक्त राष्ट्रांत भारताचे स्थायी प्रतिनिधी. घोळ होतो तो इथेच. नारायणनही १९७६ला राजदूत म्हणून चीनला गेले, १९७८ला परराष्ट्र सेवेतून निवृत्त झाले आणि १९७९-८०मध्ये कुलगुरू होते. अमेरिकेतलं राजदूतपद त्यानंतरचं, १९८० ते १९८४. पोरांनो, वर्षभर राबून एका मार्कासाठी रडायची वेळ नको. ती ओळ आजच खोडा.