पाहुणे किती येतात?

"आई रात्री खोकतात का हो तुमच्या?"

हे मला परवा एका माणसाने विचारलं. तो डॉक्टर नव्हता, नागपूरचा घरमालक होता. आणि हा प्रश्न माझ्यासोबत पानठेल्यावरच्या सात जणांनी ऐकला.

माझी बदली झाली नागपूरला. बायको, दोन लेकरं, आई असा सगळा बारदाना जूनच्या आत हलवायचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात नेटवर्क धरतं दोनच ठिकाणी, पाण्याच्या टाकीवर आणि पानठेल्यावर. टाकीवर चढायचं माझं वय गेलं. त्यात मोबाइलचा कानाजवळचा आवाज बसलेला, फक्त स्पीकरवर ऐकू येतं. त्यामुळे आठवडाभर मी घर शोधलं ते ग्रामसभा भरवूनच.

ग्रामसभा म्हटली की अध्यक्ष आलाच. आमचे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. 1988 साली ते इतवारीत एका कापडाच्या दुकानात सहा महिने कामाला होते. त्या सहा महिन्यांच्या भांडवलावर ते आजतागायत नागपूर चालवतात. ठेलेवाल्याच्या हातचा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, त्यांना पटत नाही, स्वतः घोटतात. पन्नीवर तळवा मागे-पुढे, मागे-पुढे. तळवा थांबला की समजायचं, निकाल लागला.

"मनीषनगर पाहून राहिलो," मी म्हणालो.

"मनीषनगर?" तळवा सुरूच. "फाटक हाय ना बे तिथी. गाडी आली की फाटक बंद. पोट्टं सकाळच्या शाळेले निघन तं दुपारच्या सुट्टीत पोचन."

"मोठेबाबा, आता पूल झाला तिथे. खालूनही रस्ता काढला."

"झाला असन." तळवा थांबला. "पन फाटक तं होतं ना?"

यावर काय बोलणार? मी मनीषनगर खोडलं.

कोराडी रोड वीजघराच्या राखेत गेला. वाठोडा म्हणालो तर म्हणे, शेजारी भांडेवाडी, साऱ्या शहराचा कचरा तिथी, अन् उन्हाळ्यात पेटते. अंबाझरीकडचं भाडं आपल्याला झेपत नाही, एवढं सांगायला तोंड उघडलं तर, "तलाव वरून वाहिला ना बे! टीव्हीवर नाही पाह्यलं?" हे मात्र खरं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तिकडे चांगल्या चांगल्या बंगल्यांत पाणी शिरलं होतं. आमच्या नाल्याला दरवर्षी पूर येतो, पण टीव्हीवाले काही येत नाहीत. तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं होतं. असो.

"मग राहू कुठे?"

"इतवारीत. माही खोली होती पासष्ट रुपयांत."

एजंट लोकांची वेगळीच तऱ्हा. वर्धा रोडच्या एकाला मी विचारलं, शाळा जवळ आहे का? तर म्हणाला, "सर, विमानतळ दहा मिनिटांवर, मिहान जवळ, एम्स जवळ, मेट्रो जवळ." अरे बाबा, पोरगं तिसरीत आहे. ते विमानाने जाणार नाही, त्याला एम्समध्ये भरती करायचं नाही, मिहानच्या कंपन्यांत नोकरी लागायला अजून पंधरा वर्षं आहेत. शाळा कुठे आहे ते सांग. "शाळा येणार आहे सर, प्रस्तावित आहे."

तेवढ्यात नागपूरच्या बेसा भागातली एक जाहिरात दिसली. दोन बेडरूम, पहिला मजला, चौदा हजार, शांत आणि संस्कारी परिसर, फक्त फॅमिलीसाठी. मला वाटलं, आपलंच वर्णन केलंय.

"फॅमिली आहे ना?" पलीकडून आवाज आला.

"हो जी."

"किती जण?"

"पाच."

"पाच?" मग थोडा वेळ नुसती शांतता. "मुलं भिंतीवर लिहितात का?"

"नाही जी, मोठी आहेत."

"मोठी म्हणजे क्रिकेट आलं. आमच्या काचा आहेत समोरून."

नंतर तो खोकल्याचा प्रश्न, कारण साहेब तळमजल्यावर झोपतात आणि त्यांची झोप सावध आहे. मग नॉनव्हेज. रविवारी, मी म्हणालो. रविवार म्हणताना माझा आवाज का खाली गेला, कोण जाणे. मग गाव कोणतं. सांगितलं.

"हं. म्हणजे पाहुणे किती येतात?"

आता काय आकडा सांगायचा? मी महिन्याची सरासरी काढत होतो, तेवढ्यात मागून मोठेबाबा गरजले, "येतात ना जी! मानसं हाय, येतीन नाही तं काय!"

फोन कट.

सात जण हसले. मीही हसलो. घरी आलो तेव्हा मात्र जेवण गेलं नाही. याला फॅमिली पाहिजे म्हणजे नक्की काय पाहिजे? लेकरं नसलेली, म्हातारी नसलेली, मटण न खाणारी, गाव नसलेली? बाबांचं ऑपरेशन मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात झालं तेव्हा आम्ही बावीस दिवस आत्याच्या दोन खोल्यांत होतो. आत्याचं घरही भाड्याचंच. तिचा घरमालक रोज जिन्यात भेटायचा आणि एकच विचारायचा, "आज कसं आहे?" आमची डोकी त्याने मोजली नाहीत. या बेस्यावाल्याने मात्र गावाचं नाव ऐकताच आम्हाला बरोबर ओळखलं, आणि राग त्याचा येतोय की त्या ओळखण्याचा, हे अजून ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेल्यावर गेलो. मोठेबाबा घोटतच होते.

"सोड त्याले. पन बेसाच पाह्य तू. तिथून मेडिकल किती पडते?"

"का हो?"

"डोळ्याचं ऑपरेशन हाय ना माहं, दिवाळीनंतर. जास्त नाही, आठ-पंधरा दिवस. तुही मोठीमाय बी येईन, तिले एकटीले घरी करमत नाही." तळवा थांबला. "अन् खालचा मजला पाह्य बे. गुडघे दुखतात तिचे."