शामक उत्परिवर्तन आणि यीस्टचे बीजाणू
मी वाचलेल्या एका लेखात शामक उत्परिवर्तनाला (सप्रेसर म्युटेशन, म्हणजे आधीच्या उत्परिवर्तनाचा परिणाम दडपणारा दुसरा बदल) केवळ ‘चूक भरून काढणारा बदल’ म्हटले आहे. बेळगावात मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हा विषय शिकवताना मला ती व्याख्या अपुरी वाटते. यीस्टमध्ये टायरोसिन हे अमिनो आम्ल वाहणाऱ्या टी-आरएनएची (प्रथिन बनताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या रेणूची) 8 जनुके आहेत. त्यांपैकी एकाच्या प्रतिकोडॉनमध्ये (संकेत ओळखणाऱ्या तीन अक्षरांत) विशिष्ट बदल झाला, की तो टी-आरएनए यूएए या, प्रथिन तेथेच संपवणाऱ्या थांब्याच्या संकेतावरही टायरोसिन बसवतो, त्यामुळे मध्येच असा थांबा आल्याने सदोष झालेल्या जनुकाचे प्रथिन पूर्ण होते खरे, पण निरोगी जनुकांचे नैसर्गिक थांबेही अधूनमधून ओलांडले जातात. एरवीच्या वाढीत पेशी हे बऱ्याच अंशी सोसते. नायट्रोजन संपल्यावर मात्र अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन) होऊन चार बीजाणू घडण्यासाठी शेकडो जनुके ठरलेल्या क्रमाने चालावी लागतात, आणि जोडीतल्या दोन्ही समजात गुणसूत्रांवर प्रभावी शामक (एकच प्रत असली तरी परिणाम दाखवणारा) असलेल्या द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या, पेशी नेमक्या तेथेच अडखळतात.