बाहुलीच्या प्रयोगातून ‘आत्मद्वेष’ सिद्ध झालेला नाही

‘वेगळ्या शाळांत कोंडलेल्या काळ्या मुलांनी गोरी बाहुली निवडली. वंशवादाने त्यांना स्वतःचाच द्वेष करायला शिकवलं. आता त्यांचा आत्मविश्वास वाढवणं हाच उपाय.’ केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या प्रयोगाबद्दल अशी पोस्ट सतत फिरत असते. त्यांनी काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवून प्रश्न विचारले होते.

गोरी बाहुली निवडली, हे खरं. १९४७ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात ३ ते ७ वर्षांची २५३ मुलं आहेत; त्यांतल्या ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. पण ‘तुझ्यासारखी कोणती?’ असं विचारल्यावर ६६ टक्के मुलांनी सावळी बाहुली उचलली, सात वर्षांच्या मुलांत तर ८७ टक्क्यांनी. ज्यांनी इथेही गोरी उचलली, त्यांत उजळ रंगाची मुलं बरीच होती. त्यांचं उत्तर दिसण्याला धरूनच होतं, त्यात द्वेष कुठून आला?

आता वेगळ्या शाळांचं. सावळी बाहुली ‘वाईट दिसते’ म्हणणारी मुलं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, फक्त काळ्यांसाठीच्या वेगळ्या शाळांत ४९ टक्के होती आणि उत्तरेतल्या मिश्र शाळांत ७१ टक्के. गोऱ्या मुलांशेजारी बसल्याने रंगाची उतरंड पुसली जात नाही. माझ्या मते ती रोज डोळ्यांसमोर येते. ‘तुझ्यासारखी’ विचारताच उत्तरेतली काही मुलं रडत खोलीबाहेर पळाली. जग आपल्या रंगाला काय समजतं हे त्यांना कळत होतं आणि ते सोसत नव्हतं. या वेदनेला आत्मद्वेष म्हणणं अन्यायाचं आहे.

नंतरचा पुरावा तर उलटाच आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २००० साली झालेल्या विश्लेषणात काळ्या अमेरिकन मुला-तरुणांचा आत्मसन्मान गोऱ्यांपेक्षा सरासरीने थोडा जास्तच आढळला. घर, चर्च, स्वतःची माणसं यांनी तो जपला असावा.

म्हणूनच ‘आत्मविश्वास वाढवा’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. तो दोष काळ्या माणसाच्या मनात शोधतो. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच मानसिक आजार ठरवलं होतं. खरी झीज बाहेरून होते. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की गोऱ्या स्त्रियांत आई किशोरवयीन असण्यापेक्षा विशीतली असेल तर बाळ दगावण्याचा धोका कमी असतो. काळ्या स्त्रियांत मात्र आईचं वय वाढतं तसा हा धोका वाढतो. वर्षानुवर्षं भेदभाव सोसून शरीर अकाली थकतं, असं त्यांचं म्हणणं. या स्त्रियांना आत्मविश्वासाची शिबिरं काय देणार?